शिवकुमार हविनाळे यांची साखरबंदी

शिवकुमार हविनाळे यांनी साखरेचा भरलेला डबा वॉचमनच्या हातात दिला आणि म्हणाले, "घेऊन जा. विष आहे."

वॉचमन व्यवहारी माणूस. विष म्हटल्यावर तो दचकला वगैरे नाही. त्यानं एवढंच विचारलं, की डबा परत द्यायचा का? द्यायचा होता. डबा पत्नी महानंदाबाईंच्या माहेरचा होता, त्याचा विषाशी काही संबंध नव्हता.

हविनाळ्यांना मधुमेह नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण जुळे सोलापुरात एखाद्यानं साखर सोडली की लोक तब्येतीची चौकशी करायला येतात आणि जाताना आपल्या मेलेल्या मेव्हण्याची हकीकत सांगून जातात. हविनाळ्यांची तब्येत ठणठणीत होती. त्यांनी फक्त एक व्हिडिओ पाहिला होता. आपली माणसं बापाचं ऐकत नाहीत, बायकोचं ऐकत नाहीत, फी घेणाऱ्या डॉक्टरचं तर मुळीच ऐकत नाहीत. पण मोबाईलमध्ये एखादा दाढीवाला मागं झाड ठेवून बोलला, की दुसऱ्या दिवशी घरातलं पीठ बदलतात. दाढीवाला म्हणाला, साखर पांढरं विष आहे, आपले पूर्वज गूळ खायचे आणि शंभर वर्षं जगायचे. हविनाळ्यांचे वडील गूळच खायचे आणि साठीच्या आत गेले होते. पण व्हिडिओत पुरावा मागायची सोय नसते.

त्यातून हविनाळ्यांचा स्वभाव. एका पतसंस्थेत ते वरिष्ठ लिपिक. संचालकांनी केलेले ठराव स्वच्छ अक्षरात उतरवून काढायचे, हे त्यांचं आयुष्य. ठराव दुसऱ्याचा, सूचक दुसरा, अनुमोदक तिसरा, अक्षर हविनाळ्यांचं. साखरबंदी हा त्यांच्या हयातीतला पहिला स्वतःचा ठराव. सूचक ते, अनुमोदक ते, आणि विरोध नोंदवायला कुणाला जागा ठेवली नव्हती. त्यांनी दारावर नावाच्या खाली एक पितळी पाटी ठोकून घेतली: 'या घरात साखर वापरली जात नाही.' पाटी ठोकणाऱ्यानं विचारलं, "साहेब, हे कशासाठी? चोरांसाठी?"

पहिला घाव चहानं घातला.

गूळ दुधात टाकून उकळला की चहा फाटतो, हे कुठल्याही स्वयंपाकघरात वावरलेल्या माणसाला ठाऊक असतं. हविनाळे स्वयंपाकघरात फक्त पाणी प्यायला जात. पहिल्याच सकाळी त्यांच्यापुढं जो कप आला त्यात खाली गढूळ पाणी होतं आणि वर दह्यासारखे गोळे तरंगत होते.

"हे काय?"

"तुमचा चहा."

"फाटलाय."

"गुळाचा फाटतोच की," महानंदाबाई म्हणाल्या.

"मग आधी सांगायचं नाही?"

"विचारलं कुठं तुम्ही? तुम्ही तर जाहीर केलं."

हविनाळ्यांनी तो चहा प्यायला. ठराव झाल्यावर अंमलबजावणी करावी लागते. काही दिवस ते रोज चहा चमच्यानं खात होते आणि पोटाला किती बरं वाटतं ते ऑफिसात सांगत होते.

खालच्या मजल्यावर अभिमन्यू तात्या राहतात. मूळचे मोहोळकडचे, एसटीत कंट्रोलर होते, आता बिल्डिंगचे सेक्रेटरी आहेत. रिटायर झाल्यापासून त्यांच्याकडं गाड्या नाहीत, म्हणून ते माणसं वेळेवर सोडतात. ते वर आले, कपात डोकावले आणि हसले.

"हविनाळे, गुळाचा च्या कोरा करायचा असतोय. खाली उतरवून मग दूध वतायचं. आमच्या आईनं उभ्या जल्मात कवा च्या फाडला न्हाय."

तसं करून पाहिलं. तरी फाटला. मग गूळ आधी विरघळवून, गाळून, गार करून घातला. फाटला. दूध बदललं. दूधवाला रुसला, चहा फाटला. बोल्लीकाकू शेजारच्या, त्यांनी चिमूटभर सोडा घालायला सांगितला. त्या दिवशी चहा फाटला नाही, पण त्याला साबणाच्या पाण्याची चव आली आणि हविनाळे पतसंस्थेच्या मासिक सभेतून तीनदा बाहेर गेले.

मग श्रावणात गुळाला पाणी सुटलं. ढेप फडताळात घाम गाळत बसली आणि मुंग्या आल्या. आधी काळ्या, मग लाल, मग ज्यांना नाव नाही अशा. त्या हविनाळ्यांच्या स्वयंपाकघरातून निघून जिन्यानं खाली, तात्यांच्या दारावरून, पाण्याच्या टाकीपर्यंत शिस्तीत ये-जा करू लागल्या. चार दिवसांतून एकदा पाणी येतं त्या गावात टाकीकडं जाणारी रांग माणसांना नवीन नाही, पण ही रांग मुंग्यांची होती. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर तात्यांच्या सहीचा कागद लागला: 'जिन्यात मुंग्यांची वर्दळ वाढली असून सदर मुंग्या कोणाच्या आहेत याचा संबंधितांनी लेखी खुलासा करावा.'

हविनाळे लिपिक माणूस. लेखी खुलासा मागितला तर देणारच. त्यांनी लिहिलं, 'मुंग्या ही सार्वजनिक बाब असून त्यांवर कोणत्याही सदनिकाधारकाची मालकी नाही.'

यावर सभा भरली. माणसं टाकी गळते म्हणून येत नाहीत, लिफ्ट बंद पडली म्हणून येत नाहीत, पण मुंग्यांसाठी सगळी बिल्डिंग हजर होती. तात्या म्हणाले, "मुंग्या तुमच्या न्हाईत, मान्य. पण त्या जातेत कुटं? तुमच्याकडं. पाव्हणं ज्याच्या घरी जातंय, त्याचंच असतंय की." हा मुद्दा कायद्यानं कमजोर आणि व्यवहारानं बिनतोड होता. शेवटी प्रत्येकानं आपल्या उंबऱ्यावर मुंग्यांच्या खडूची रेघ ओढावी असं ठरलं. हविनाळ्यांनी रेघ ओढली. मुंग्या आत होत्या, त्या आतच राहिल्या.

तिसरा घाव केकचा. काव्या ही हविनाळ्यांची एकुलती मुलगी. पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करते, आणि घरात एकटी तीच अशी आहे की जिला बाप काही बोलत नाही. तिच्या वाढदिवसाचा केक बेकरीतून आणायचा म्हणजे पाटी खोटी पडणार. म्हणून हविनाळ्यांनी गव्हाचं पीठ, किसलेला गूळ आणि तूप असा केक स्वतः करायला घेतला. तो ओव्हनमध्ये फसफसून फुगला. इतका फुगला की हविनाळ्यांनी फोटो काढून पतसंस्थेच्या ग्रुपवर टाकला. अभिनंदनाचे अंगठे येईपर्यंत केक मधोमध बसला आणि त्याला विटेचा रंग आला.

"पप्पा," काव्या शांतपणे म्हणाली, "सुरी अडकली."

ती अडकलेली सुरी केकसकट घेऊन हविनाळे विजापूर वेशीतल्या इलियासभाईंकडं गेले. इलियासभाईंची बेकरी आजोबांपासूनची. त्यांनी केक हातात घेतला, वाजवून पाहिला, बोट लावून चाटलं.

"साब, गूड में पानी रहता, खटाई रहती. सोडा मिला तो फसफस करके उठता, फिर बैठ जाता. आदमी के माफिक. शक्कर का काम शक्करच करती. गुस्सा नक्को करो."

हविनाळ्यांनी गुस्सा केला नाही. अपमान झाला की ते गप्प होतात आणि घरी येऊन पंखा जोरात लावतात.

आणि मग तो माणूस भेटला.

रविवारी सकाळी बागेच्या फाटकाशी तो गाडीची डिकी उघडून बसलेला असे. अंगात खादीचा सदरा, डिकीवर गाईचं चित्र, गळ्यात तुळशीची माळ आणि हातात क्यूआर कोड. 'शुद्ध सेंद्रिय गूळ पावडर. बैलाच्या चरकावरचा रस. रसायनमुक्त.' भाव बाजारच्या दुप्पट. शुद्धतेची एवढीच खूण आपल्याला ओळखता येते, की ती परवडत नाही.

"चहा फाटतो का याचा?" हविनाळ्यांनी विचारलं.

माणूस खिन्न हसला. "काका, फाटतो तो केमिकलचा गूळ. हा सात्त्विक आहे."

हविनाळ्यांनी पुडा घेतला आणि लिपिकाच्या सवयीनं पावतीही मागून घेतली. दुसऱ्या दिवशी चहा फाटला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. हविनाळ्यांनी मुद्दाम दुधात घालून खळखळ उकळायला लावला, तरी नाही. परतीच्या पावसात पावडरला पाणी सुटलं नाही, गोळे झाले नाहीत, चमच्याला चिकटली नाही. केक केला तर सुरेख फुगला आणि फुगलेलाच राहिला. शिरा मोकळा झाला. हविनाळे सहा इंच उंच झाले. त्यांनी बिल्डिंगमध्ये घरोघरी जाऊन सात्त्विक गुळाची माहिती दिली, तात्यांना चार किलो घ्यायला लावला, पतसंस्थेत 'साखरमुक्त जीवन' या विषयावर लंच टायमात भाषण केलं. लोकांनी डबे खात ते ऐकलं.

महानंदाबाईंनी पावडर चिमटीत धरून उजेडात पाहिली, आणि काही न बोलता डब्यात भरली.

हविनाळे पुडी घेऊन मुद्दाम इलियासभाईंकडंही गेले. इलियासभाईंनी दोन दाणे जिभेवर ठेवले, डोळे मिटले आणि म्हणाले, "अच्छा माल है साब. एकदम शक्कर जैसा."

याहून मोठं प्रशस्तिपत्रक हविनाळ्यांना नको होतं.

संक्रांतीला घरात शेंगापोळ्या चालल्या होत्या. महानंदाबाई लाटत होत्या, काव्या भाजत होती. हविनाळे गरम पोळी मोडत असताना काव्या म्हणाली, "पप्पा, गुरुशांत कलशेट्टी म्हणून मुलगा आहे. माझ्या कॉलेजचा. आम्हाला लग्न करायचंय."

हविनाळ्यांनी चौकशी केली. जात तीच, पोटजात तीच, पगार बरा, सुपारीसुद्धा खात नाही. सगळं इतकं जुळत होतं की त्यांना संशय यायला लागला.

"वडील काय करतात?"

काव्याचं उलथनं थांबलं. "रिटायर झाले. श्रीपूरकडं साखर कारखान्यात चीफ केमिस्ट होते."

पोळी करपायचा वास आला, तो तेवढा बोलला.

चनबसप्पा कलशेट्टी पत्नीला आणि मुलाला घेऊन बघायला आले. उंच, ताठ, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. कारखाना सुटून वर्षं झाली तरी चालताना मागं चार माणसं आहेत असं समजून चालणारा माणूस. त्यांच्या बंगल्याचं नाव 'शर्करा' होतं. ते दारात थांबले आणि त्यांनी पितळी पाटी वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"आत यायला परवानगी हाय का आम्हाला?"

"या की, या की," महानंदाबाई पुढं झाल्या. "पाटीचं मनावर घेऊ नका. यांचं काय."

चहा आला. चनबसप्पांनी घोट घेतला. "चहा छान हाय."

"गुळाचा आहे," हविनाळे म्हणाले. हे वाक्य त्यांनी सकाळपासून तयार ठेवलं होतं.

"गुळाचा?" चनबसप्पांनी कप खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि आत बराच वेळ पाहिलं. "आणि फाटला न्हाय?"

"सात्त्विक आहे."

चनबसप्पांनी दुसरा घोट जिभेवर घोळवला. बाकीच्या गोष्टी भराभर ठरल्या. देणंघेणं नको, लग्न साधं, साखरपुडा वैशाखात. उठता उठता चनबसप्पा म्हणाले, "पुड्याची साखर आमच्या घरची असती. मी जिथं जिंदगी घातली त्या कारखान्याची. सुनेच्या तोंडात पहिली सक्करी आमची बायको घालती. आमच्या थोरल्या सुनेला असंच, पुतण्याच्या बायकोला असंच."

"आमच्या काव्याच्या तोंडात साखर जाणार नाही," हविनाळे म्हणाले. "गूळ घाला. आमचा पुडा गुळाचा."

"बेल्ला?" चनबसप्पांच्या पत्नी सावित्रम्मांच्या तोंडून कानडीच निघालं. "साखरपुड्याला गूळ? यप्पा! आमच्यात असं नाही करत, हो."

"पुड्यात साखर नसंल तर त्याला मी साखरपुडा म्हणत न्हाय," चनबसप्पा म्हणाले.

"असेल तर मी तिथं उभा राहत नाही," हविनाळे म्हणाले.

तिकडं गुरुशांत आणि काव्या एकमेकांकडं पाहत होते. दोघंही शिकलेले, कमावते, आणि दोघांचेही बाप समोर उभे.

पुढचे तीन महिने दोन घरांमध्ये जे काही चाललं त्याला बोलणी म्हणतात. मठाचे स्वामी मध्ये पडले. ते म्हणाले, दोन्ही ठेवा. चनबसप्पा म्हणाले, आधी कुठलं? तिथं ते मोडलं. तात्या म्हणाले, "पेढा घाला की. पेढ्यात काय हाय ते कुणाला कळतंय?" पेढ्यात साखर आहे, हे दोन्ही बाजूंना कळत होतं. काव्यानं मग चहाच सोडला. कोरी कॉफी प्यायला लागली, काहीही न घालता, बापाच्या समोर बसून.

एकदाच म्हणाली. "पप्पा, तुमचा गूळ आहे, त्यांची साखर आहे. यात माझं लग्न कुठाय?"

हविनाळ्यांनी पंखा जोरात लावला. खरं म्हणजे त्यांचं काळीज हललं होतं. पण पाटी पितळी होती, चार स्क्रूंनी ठोकली होती, सगळ्या बिल्डिंगनं वाचली होती. माणूस मुलीसाठी जीव देतो. चारचौघांत केलेला ठराव मागं घेणं त्याहून अवघड.

तर हॉल ठरला, आचारी ठरला, पत्रिका वाटल्या, आणि मुख्य गोष्ट ठरलीच नाही. आयत्या वेळी समोरचा नमतं घेईल असं दोन्ही बापांना वाटत होतं. आपल्याकडची निम्मी लग्नं याच भरवशावर होतात आणि उरलेली याच भरवशावर मोडतात.

साखरपुड्याच्या दिवशी सोलापूर नेहमीसारखं भट्टीतून काढलेलं होतं. हॉलच्या मॅनेजरनं केक फाटकातच अडवला. बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास मनाई. हविनाळ्यांनी नियम दाखवा म्हटलं. मॅनेजरनं नियम दाखवला. नियम होता. मग तो केक खाद्यपदार्थ नसून शोभेची वस्तू आहे असा अर्ज हविनाळ्यांनी उभ्या उभ्या लिहून दिला आणि मॅनेजरनं तो शिक्का मारून घेतला. सात्त्विक पावडरचा तो दोन मजली केक इलियासभाईंनीच करून दिला होता. त्या उन्हातसुद्धा तो जरा म्हणून ओघळला नव्हता. आचारी वेगळाच चिडला होता. बिनसाखरेची जिलेबी करायला सांगितल्यावर तो म्हणाला होता, "मालक, मग मला कशाला बोलावलं? न्हाव्याला बोलवायचं."

स्टेजवर काव्या हिरव्या साडीत बसली होती. समोर गुरुशांत. कूलरचा वारा अक्षता उडवत होता. स्वामींचे मंत्र संपले. सावित्रम्मा चांदीची वाटी घेऊन उठल्या. वाटीत साखर लखलखत होती.

"थांबा," हविनाळे म्हणाले आणि त्यांनी हात आडवा धरला. दुसऱ्या हातात लाल दोऱ्यानं बांधलेला तपकिरी पुडा होता.

"सर, हात खाली घ्या," कॅमेरावाला म्हणाला. "फ्रेममध्ये येतोय."

हविनाळ्यांनी हात खाली घेतला नाही. मागच्या रांगेतली माणसं उभी राहिली. जेवायला वेळ आहे म्हणून बाहेर उभे असलेलेही आत आले.

चनबसप्पा हळूहळू स्टेजवर चढले. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं.

"हविनाळे, मी गाळपाचे हंगाम काढले. रातपाळ्या केल्या. माझी आई गेली तवा मी रस आटवायच्या पॅनवर उभा होतो, साखर पडायची होती, सोडून जाता येत नव्हतं. त्या साखरेवर हा पोरगा शिकला, ज्याला तुम्ही मुलगी देताय. आणि तुम्ही दारावर पाटी लावून तिला विष म्हणता."

दाढीवाल्यानं याचं उत्तर व्हिडिओत दिलेलं नव्हतं. हविनाळ्यांच्या मनात आलं, हात खाली घ्यावा. मग पहिल्या रांगेत बसलेले पतसंस्थेचे संचालक दिसले, ज्यांचे ठराव ते आयुष्यभर लिहीत आले होते. हात तिथंच राहिला. काव्यानं मान खाली घातली. तिच्या मांडीवरच्या अक्षतांत एक थेंब पडला.

"बघू तरी," चनबसप्पा म्हणाले. "कसलं अमृत हाय हे."

त्यांनी पुडा घेतला, दोरा सोडला, थोडी पावडर तळहातावर घेतली. बोटानं चुरली. वास घेतला. मग त्यांच्या चेहऱ्यावरचा सासरा निघून गेला आणि केमिस्ट आला.

"पाणी द्या. काचेचा ग्लास."

ग्लास आला. त्यांनी मूठभर पावडर पाण्यात सोडली, एकदा हलकेच फिरवली आणि ग्लास कॅमेऱ्याच्या दिव्यापुढं धरला. तपकिरी रंग अंगावरची धूळ धुतल्यासारखा सुटून वर आला. खाली तळाला बारीक, पांढरेशुभ्र, चौकोनी दाणे चमकत बसले.

सगळा हॉल त्या ग्लासाकडं पाहत होता.

"एस थर्टी," चनबसप्पा म्हणाले. "कारखान्याचा बारीक दाणा. वरनं काकवीचा हात मारलाय, रंग यायला. हविनाळे, किती दिवस खाताय हे?"

"दसऱ्यापासून."

"म्हंजे दसऱ्यापासून तुम्ही साखर खाताय."

तिसऱ्या रांगेतून अभिमन्यू तात्यांचा आवाज आला. "मंजे मला चार किलो साखर दुप्पट भावानं घ्यायला लावली की वो!"

कुणीतरी हसलं. मग पुष्कळ जण हसले. आचारी तर हॉलच्या खांबाला धरून हसला. हविनाळे उभे होते. माणसाचा अपमान बंद खोलीत झाला तर तो औषधानं बरा होतो; हॉलमध्ये झाला तर व्हिडिओत जातो. चहा का फाटेनासा झाला, केक का फुगला, इलियासभाईंनी डोळे का मिटले, हे सगळं त्यांना एकाच वेळी समजत होतं. तुळशीची माळ आठवत होती.

तेवढ्यात महानंदाबाई उठल्या. पदर खोचला, जावेच्या हातात पर्स दिली आणि स्टेजवर आल्या.

"मग भांडण मिटलं की," त्या म्हणाल्या.

दोन्ही बापांनी त्यांच्याकडं पाहिलं.

"अण्णा, तुम्हाला पुड्यात साखर पाहिजे होती. तुम्हीच तपासून सांगितलं, साखर हाय. अहो, तुम्हाला गूळ पाहिजे होता. तुमच्या पावतीवर गूळ लिहिलंय. आता घालता का कुणी माझ्या पोरीच्या तोंडात, का जेवणं गार करायची?"

चनबसप्पांनी ग्लासाकडं पाहिलं. केमिस्ट खोटं बोलू शकत नव्हता. "साखर हाय," ते म्हणाले. "शुद्धता कमी हाय. पण हाय."

हविनाळ्यांनी खिसा चाचपला. पावती होती. त्यांनी पावती कधी टाकली नव्हती. वाचली. "वस्तूचं नाव: गूळ पावडर," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात पुन्हा थोडा लिपिक आला. "नोंदीप्रमाणं गूळ आहे."

"शास्त्राची हरकत नाही," स्वामी म्हणाले. त्यांना अक्कलकोटला दुसरं कार्य गाठायचं होतं.

सावित्रम्मांनी चांदीची वाटी बाजूला ठेवली आणि पुड्यातली चिमूट काव्याच्या तोंडात घातली. काव्या रडत होती, म्हणून तिला आधी काही कळलं नाही. मग तिनं जीभ फिरवली.

"गोड लागतंय का?" सावित्रम्मांनी विचारलं.

"जे काय आहे ते," काव्या म्हणाली, "गोड आहे."

दोन मानी माणसांची अब्रू एकाच चिमटीत राखायची असेल तर त्याला शुद्ध साखर चालत नाही आणि शुद्ध गूळही चालत नाही. तिथं भेसळच लागते. ती करणारा माणूस त्याच वेळी कुठल्या तरी बागेच्या फाटकाशी सात्त्विक हसत बसला होता. त्याला आहेर कुणी केला नाही, आणि पोलिसातही कुणी दिलं नाही. तेवढा वेळ कुणाला असतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी हविनाळे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"तुला माहीत होतं?"

"चहा फाटायचा थांबला तेव्हाच कळलं की," महानंदाबाई भांडी लावत म्हणाल्या.

"मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलं कुठं तुम्ही?"

तेवढ्यात बेल वाजली. दारात चनबसप्पा उभे होते, एकटेच, खांद्यावर पोतं. पाटीकडं न बघता ते आत आले आणि त्यांनी पोतं दिवाणखान्यात टेकवलं. त्यात काळपट, ओबडधोबड गुळाची ढेप होती.

"आमच्या मेव्हण्याच्या गुऱ्हाळाचा," ते म्हणाले. "मी उभा राहून काढून घेतलाय. खायचा तर खरा खावा. व्याही झालो आपण, फसवून घेऊ नका."

हविनाळ्यांनी ढेपेवर हात ठेवला आणि ते म्हणाले, "चहा घेऊन जा."

चहा झाला. खऱ्या गुळाचा. दोन कप टेबलावर आले. खाली गढूळ पाणी, वर गोळे.

दोघांनी आपापल्या कपात पाहिलं. चनबसप्पांनी आणलेला गूळ होता, त्यांना नावं ठेवता येत नव्हती. हविनाळ्यांच्या दारावर पाटी होती, त्यांनाही ठेवता येत नव्हती. मग हविनाळ्यांनी आत जाऊन दोन चमचे आणले, एक व्याह्यांच्या हातात दिला, आणि दोघं शेजारी बसून चहा खायला लागले.

"उत्तम फाटलाय," चनबसप्पा म्हणाले.

"शुद्ध असला की असाच फाटतो," हविनाळे म्हणाले.

आत ओट्यापाशी काव्या आणि महानंदाबाई उभ्यानंच चहा पीत होत्या. त्यांचा चहा फाटला नव्हता. गडबडीत सावित्रम्मांची चांदीची वाटी परत द्यायची राहिली होती, आणि ती अजून अर्धी भरलेली होती.